पगारी अकाउंटंट ते जीएसटी प्रॅक्टिशनर : कागद, परीक्षा आणि ओळखी

व्यापाऱ्याकडे पगारावर हिशेब लिहिणारी बी.कॉम. झालेली व्यक्ती जीएसटी प्रॅक्टिशनर, म्हणजे व्यापाऱ्यांची जीएसटी विवरणपत्रे भरून देणारी नोंदणीकृत सल्लागार, म्हणून स्वतःच्या नावावर काम करू शकते का, त्यासाठी कोणते कागद लागतात, परीक्षा कशी असते आणि नोकरी सोडल्यावर घरखर्च भागेल एवढे काम येते कोठून, हे प्रश्न गेल्या काही वर्षांत मला अनेकांनी, त्यातही अनेकजणींनी विचारले आहेत. मी हे सगळे सांगलीत २०१८ ते २०२१ या काळात केले. ते जसे घडले तसे, खर्चासह आणि वाट पाहण्याच्या काळासह लिहून ठेवते. शुल्के आणि फॉर्म बदलत असतात, त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी पोर्टलवरची ताजी सूचना वाचून घ्यावी.

गणपती पेठेतील एका घाऊक किराणा-भुसार दुकानात मी २०११ पासून अकाउंटंट होते. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि दुकानातला कागदाचा सगळा व्यवहार बदलला. विक्रीचे तपशील, खरेदीची जुळणी, ई-वे बिल (मालवाहतुकीसाठी लागणारे ऑनलाइन बिल) हे सर्व मीच तयार करत असे. तयार तक्ता मात्र बाहेरच्या एका सल्लागाराकडे जाई, तो पोर्टलवर चढवला जाई आणि त्यासाठी शेठ दरमहा दीड हजार रुपये देत. माझा पगार तेव्हा चौदा हजार होता आणि वर्षाकाठी वाढ पाचशेची. २०१८ च्या दिवाळीत वह्यांची पूजा झाल्यावर शेठच म्हणाले, ‘ताई, सगळं तुम्हीच करताय, मग भरायचं तेवढं दुसऱ्याकडं कशाला?’ त्यांच्या बोलण्यात माझ्या भल्यापेक्षा दीड हजार वाचवण्याचा विचार अधिक असावा. पण प्रश्न रास्त होता आणि मी तो मनावर घेतला.

पात्रता केंद्रीय जीएसटी नियमावलीच्या नियम ८३ मध्ये दिलेली आहे. अर्जदार भारतीय नागरिक असावा, दिवाळखोर ठरलेला नसावा, आणि वाणिज्य, कायदा, बँकिंग किंवा व्यवसाय व्यवस्थापन यांपैकी एका विषयाची भारतीय विद्यापीठाची पदवी त्याच्याकडे असावी. अनुभवाची अट पदवीधरांना नाही. पूर्वीच्या विक्रीकर कायद्याखालचे सल्लागार वेगळ्या पोटनियमातून येतात, त्यांच्याविषयी येथे लिहीत नाही.

माझी अडचण पदवीची नव्हती, पदवीवरच्या नावाची होती. गुणपत्रिका आणि पदवी माहेरच्या नावाने, पॅन आणि आधार सासरच्या नावाने. शिवाय पदवीदान समारंभाचे प्रमाणपत्र मी कधी घेतलेच नव्हते, कारण खासगी नोकरीत ते कोणी मागितले नव्हते. त्यासाठी विद्यापीठाकडे अर्ज केला आणि हातात येईपर्यंत दीड-दोन महिने गेले. तोवर महापालिकेकडून विवाह नोंदणीचा दाखला काढला आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करून घेतले. या सगळ्याला मिळून हजार रुपयांच्या आतबाहेर खर्च आला. ज्या भगिनींना पुढे-मागे असे काही करायचे आहे त्यांनी पदवी प्रमाणपत्र, विवाह दाखला आणि प्रतिज्ञापत्र हे तीन कागद आजच एकत्र करून स्कॅन करून ठेवावेत. ज्यांनी राजपत्रात नावबदल केला आहे त्यांनी त्या राजपत्राची प्रतही ठेवावी. पोर्टलवर फाइलच्या आकाराला मर्यादा असते, त्यामुळे मोबाइलवरचा फोटो तसाच चढवायला गेल्यास तो परत येतो.

अर्ज जीएसटी पोर्टलवर फॉर्म पीसीटी-०१ मध्ये करायचा असतो आणि त्याला शुल्क नाही. आधी मोबाइल आणि ई-मेलवर ओटीपी येऊन तात्पुरता क्रमांक मिळतो, मग पुढची पाने उघडतात. नोंदणी केंद्राकडे करायची की राज्याकडे, हे आपणच निवडायचे. मी राज्य निवडले, कारण ते कार्यालय चालत जाण्याच्या अंतरावर होते आणि काही विचारायचे असल्यास जाता येणार होते. सही करण्यासाठी डिजिटल सिग्नेचरच घ्यावी लागते असे मला एका दुकानदाराने सांगितले होते, परंतु व्यक्तीला ओटीपीवरूनही अर्ज सादर करता येतो, तेव्हा तो खर्च आरंभी करू नये. व्यवसायाचे ठिकाण म्हणून मी घरचा पत्ता दिला. वीजबिल सासऱ्यांच्या नावावर असल्याने त्यांचे संमतिपत्र जोडले. फेब्रुवारी २०१९ मध्ये अर्ज गेला, काही दिवसांनी नावातील फरकाविषयी विचारणा आली, विवाह दाखला आणि प्रतिज्ञापत्र जोडून उत्तर दिले आणि मार्चमध्ये पीसीटी-०२ म्हणजे नोंदणीचे प्रमाणपत्र आले.

हे प्रमाणपत्र मिळाले म्हणजे काम संपले असे नाही. नोंदणी टिकवायची तर ‘नासिन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्राच्या सीमाशुल्क व अप्रत्यक्ष कर प्रबोधिनीची परीक्षा दोन वर्षांच्या आत उत्तीर्ण व्हावी लागते. शंभर बहुपर्यायी प्रश्न, दोनशे गुण, अडीच तास, संगणकावर उत्तरे, पन्नास टक्क्यांना उत्तीर्ण, आणि चुकलेल्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. शुल्क पाचशे रुपये. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, मराठीत नसते. मी इंग्रजी घेतली, कारण रोज पोर्टलवर डोळ्यांखालून जाणारे शब्द तेच होते.

अभ्यास रात्री साडेनऊनंतर, मुलगा झोपल्यावर. कोचिंगचा वर्ग लावला नाही. कायदा आणि नियमावलीचे एक पुस्तक घेतले आणि जे काम रोज करत होते त्याची कलमे आधी वाचली : बीजक कसे असावे ते कलम ३१, इनपुट क्रेडिटची, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या वजावटीची १६ आणि १७, नोंदणीची २२ ते २४, विवरणपत्रांची ३७ ते ३९. या क्रमाने गेल्यामुळे पुस्तक परके वाटले नाही. त्यानंतर पुरवठ्याचे स्थळ, परतावा, निर्धारण, अपील हे भाग घेतले, जे भुसारच्या दुकानात कधी समोर येत नाहीत पण परीक्षेत येतात. कलमाशेजारी पेन्सिलीने आमच्याच दुकानातले एखादे बिल लिहून ठेवण्याची सवय लावली. ज्या खर्चांवर क्रेडिट मिळत नाही त्यांच्या कलम १७(५) शेजारी शेठच्या गाडीच्या दुरुस्तीचे बिल होते, आणि ते मला परीक्षेतही आठवले.

परीक्षा १४ जून २०१९ रोजी सकाळी अकरा ते दीड अशी होती. नोंदणीची खिडकी मोजक्या दिवसांसाठीच उघडते, म्हणून मे महिन्यात संकेतस्थळ रोज पाहावे लागले. मी पुणे केंद्र घेतले, आदल्या दिवशी एसटीने जाऊन हडपसरला नणंदेकडे राहिले आणि केंद्र संध्याकाळीच पाहून आले. प्रश्न पाठांतराचे कमी आणि आकडा किंवा मुदत विचारणारे अधिक वाटले. तारखा, मर्यादा आणि विलंबशुल्क यांचा एका पानाचा तक्ता करून नेला होता, तो गाडीत वाचलेला सर्वांत उपयोगी पडला. निकाल उत्तीर्ण असा आला. आनंद झालाच, पण त्याहून अधिक हायसे वाटले. वयाच्या चौतिसाव्या वर्षी परीक्षेला बसून नापास झाल्याचे दुकानात सांगण्याची माझी तयारी नव्हती.

त्यानंतर मात्र काहीच घडले नाही, आणि याविषयी कोणी आधी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिते. प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावले, व्हिजिटिंग कार्डे छापली, नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर अभिनंदन झाले, आणि काम आले नाही. एका परिचिताने मला सकाळच्या न्याहारीच्या वेळी भरणाऱ्या, सभासदांनी एकमेकांना ग्राहक मिळवून द्यायच्या व्यवसाय-मंडळाच्या बैठकीला पाहुणी म्हणून नेले. तेथे प्रत्येकाने उभे राहून मिनिटभर स्वतःची माहिती सांगायची असते. वर्षाची वर्गणी माझ्या दोन महिन्यांच्या पगाराहून अधिक होती. बांधकाम किंवा इंटिरियरच्या धंद्याला ती परवडत असेल. पण हिशेबाचे काम मिनिटभराच्या भाषणावर कोणी देत नाही, कारण त्यात माणूस स्वतःच्या धंद्याचे पोटातले आकडे दुसऱ्याच्या हाती देत असतो. तो विश्वास तुमचे काम जवळून पाहिलेल्या, किंवा तसे पाहिलेल्याने नाव सांगितलेल्या माणसावरच बसतो, असे माझे मत तेव्हा झाले आणि पुढच्या प्रसंगांनी ते पक्के केले.

ऑगस्ट २०१९ मध्ये महापूर आला. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली आणि गणपती पेठ पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर दुकान उघडले तेव्हा साखरेच्या जागी रिकामी चिकट पोती होती आणि बिलांच्या फायलींची लगद्याची वीट झाली होती. संगणक खालच्या टेबलावर होता, तो गेला. टॅली या हिशेबाच्या संगणकप्रणालीतील नोंदींची प्रत मी दर शनिवारी पेन ड्राइव्हवर घेऊन घरी नेत असे, ती राहिली. शेजारच्या अनेक दुकानांत तेवढेही राहिले नव्हते. विम्याचे सर्व्हेअर मालाची यादी आणि खरेदीची बिले मागत होते आणि लोकांकडे दाखवायला ओले कागद होते.

येथे जीएसटी पोर्टल कामी आले. पुरवठादाराने त्याचे विवरण भरले असेल तर आपली खरेदी जीएसटीआर-२एमध्ये बिल क्रमांक, तारीख आणि रकमेसह दिसते. मोठ्या मालाची ई-वे बिले वेगळ्या पोर्टलवर मिळतात. ३१ मार्चचा शिल्लक माल ताळेबंदातून घ्यायचा, त्यात २एमधली खरेदी मिळवायची, विक्री नफ्याचे प्रमाण काढून वजा करायची, म्हणजे पुराच्या दिवशी दुकानात किती रुपयांचा माल असावा ते निघते. अडचण होती ती दीड कोटींच्या आतल्या, तिमाही विवरण भरणाऱ्या लहान पुरवठादारांची, कारण त्यांची जुलैची बिले पोर्टलवर अजून आलेलीच नव्हती. त्यांना फोन करून बिलांचे फोटो मागवले. ‘पावणं, जुलैची बिलं तेवढी मोबाइलवर टाका की,’ असे म्हणत शेठ स्वतः दिवसभर फोनवर बसले होते.

आमच्या दुकानाचा तक्ता तयार झाल्यावर शेजारच्या दुकानदारांनी तसाच मागितला. शेठची परवानगी घेऊन मी दुकानाच्या वेळेनंतर ते काम केले आणि प्रत्येकी तीन हजार रुपये घेतले. माझ्या नावावरची ती पहिली कमाई. त्यात एक मुद्दा मी प्रत्येक तक्त्याखाली लिहीत असे : नष्ट झालेल्या मालावरचे इनपुट क्रेडिट कलम १७(५)(ह) प्रमाणे परत करावे लागते, आणि ते परत केले तर तेवढा कर हा दुकानदाराचा प्रत्यक्ष तोटा ठरतो, म्हणून दाव्यात तो धरला जावा. एका सर्व्हेअरनी ते वाचून मला फोन केला, कोणाकडे काम करता असे विचारले आणि पुढे त्यांच्या इतर दाव्यांतील दोन-चार व्यापाऱ्यांना माझा नंबर दिला. सरकारने पूरग्रस्त जिल्ह्यांसाठी जुलैचे जीएसटीआर-३बी, म्हणजे कर भरण्याचे मासिक विवरण, भरण्याची मुदत २० सप्टेंबरपर्यंत वाढवली होती, त्यामुळे हे सर्व करायला श्वास घेण्यापुरता वेळ मिळाला. त्या व्यापाऱ्यांपैकी बहुतेकजण आजही माझ्याकडे आहेत.

याच सुमारास मी करसल्लागारांच्या स्थानिक संघटनेच्या अभ्यासवर्गाला जाऊ लागले. महाराष्ट्रात अशा संघटना बऱ्याच ठिकाणी आहेत. मुंबईत जीएसटी प्रॅक्टिशनर्स असोसिएशन ऑफ महाराष्ट्र आहे, पुण्यात महाराष्ट्र टॅक्स प्रॅक्टिशनर्स असोसिएशन आहे, आणि जिल्ह्याच्या गावी बहुधा वकील, सीए आणि सल्लागार मिळून आठ-पंधरा दिवसांनी एकत्र बसणारा एखादा गट असतो. वर्गणी न्याहारीच्या मंडळापेक्षा कितीतरी कमी असते. वर्ग संध्याकाळी साडेसहाला भरे. सुरुवातीला बायका अगदी थोड्या, त्यांतही मी एकटी अशी की जी कोणाच्या तरी दुकानात नोकरी करत होती, त्यामुळे मागच्या रांगेत बसून टिपणे काढण्यापलीकडे काही महिने काही केले नाही. घरी परतायला साडेनऊ होत. सासूबाईंनी त्या संध्याकाळी स्वयंपाक स्वतःकडे घेतला नसता तर हे जमले नसते.

ऑक्टोबर २०१९ मध्ये नियम ३६(४) आला आणि २एमध्ये न दिसणाऱ्या बिलांच्या क्रेडिटवर, दिसणाऱ्या क्रेडिटच्या वीस टक्क्यांची मर्यादा पडली. जानेवारीपासून ती दहा टक्के झाली. म्हणजे आता प्रत्येक व्यापाऱ्याची खरेदी पोर्टलशी दरमहा जुळवणे भाग होते. वर्गात चर्चा झाली तेव्हा ज्येष्ठ मंडळी कायद्याच्या बाजूने बोलत होती, पण जुळवायचे कसे यावर सगळे अडत होते, कारण आपल्या पुस्तकात ‘००४५’ असे लिहिलेले बिल पोर्टलवर ‘टी/१९-२०/४५’ म्हणून येते, कोठे आधी रिकामी जागा असते, कोठे रुपया-दीड रुपयाचा फरक असतो, आणि एक्सेलला ही दोन वेगळी बिले वाटतात. मी पुरानंतर तीन हजार रुपये भरून एक्सेलचा शनिवार-रविवारचा वर्ग केला होता. त्यातून एक पद्धत बसवली होती : पहिल्या फेरीत पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक आणि कराची पूर्ण रुपयातली रक्कम जोडून एक ओळख तयार करायची आणि त्यावर व्ही-लुकअप (एक्सेलमधील शोधून जुळवण्याचे सूत्र) लावायचा, जी बिले उरतील त्यांच्या क्रमांकातील अक्षरे आणि तिरक्या रेघा काढून फक्त शेवटचे आकडे ताडायचे, तरीही उरलेली हाताने पाहायची. हजार बिलांपैकी हाताने पाहायला पन्नास-साठ उरत.

वर्ग सुटल्यावर मी हे एका ज्येष्ठ सल्लागारांना सांगितले. त्यांना सगळे अण्णा म्हणतात आणि विक्रीकराच्या काळापासून ते या कामात आहेत. ते म्हणाले, ‘मला सांगून काय उपयोग? पुढच्या वेळी सगळ्यांना दाखवा.’ जानेवारी २०२० मध्ये मी प्रोजेक्टरवर ती फाइल दाखवली. आवाज कापत होता, पण एक्सेलमध्ये पुढची पायरी ठरलेली असते, त्यामुळे बोलण्याचा धागा सुटला नाही. फाइल मागेल त्याला दिली. फुकट का दिलीस, असे घरी विचारले गेले. परंतु पुढच्या आठवड्यात ज्यांनी फाइल नेली होती त्यांचेच फोन येऊ लागले की जुळवणीचे काम तुम्हीच करून द्या, आमच्याकडे माणूस नाही. दोन सीए कार्यालयांनी मला व्यापाऱ्यामागे तीनशे रुपये दराने हे काम दरमहा दिले. नोकरी करत असताना संध्याकाळच्या या कामातून महिन्याला पाच-सहा हजार येऊ लागले.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली. पेठ बंद, रिटर्नच्या मुदती पुढे, विलंबशुल्कात सवलती, आणि रोज नवीन अधिसूचना. संघटनांनी चर्चासत्रे ऑनलाइन घेतली, तेव्हा एरवी मुंबई-पुण्याला जाऊन ऐकावी लागणारी व्याख्याने घरी बसून ऐकता आली. ऐकलेल्यातून व्यापाऱ्याला लागू पडेल तेवढेच चार ओळींत मराठीत लिहून मी माझ्या व्यापाऱ्यांना पाठवत असे. ही चार ओळींची सवय मी आजही सोडलेली नाही. त्यांतून जेवढे नवे लोक जोडले गेले तेवढे व्हिजिटिंग कार्डांतून जोडले गेले नाहीत.

नोकरी सोडण्याचा निर्णय २०२१ च्या मार्चअखेरीचा. वर्षाची पुस्तके पुरी करून देऊन निघावे, म्हणजे मागे कोणाचे काम अडत नाही. पगार तोवर सतरा हजार झाला होता आणि बाहेरचे उत्पन्न बारा हजारांच्या आसपास होते, म्हणजे हिशेबाने सोडणे घाट्याचे होते. परंतु संध्याकाळचे तास संपले होते आणि नवे काम नाकारावे लागत होते. घरात सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय राजीनामा द्यायचा नाही असे आम्ही ठरवले होते, आणि तो सल्ला मी सर्वांना देते. शेठना तीन महिने आधी सांगितले. त्यांच्या दुकानाचे काम मी बाहेरून पाहावे असे त्यांनीच सुचवले. त्यांच्या गिऱ्हाइकांकडे किंवा पुरवठादारांकडे मी आपणहून कामासाठी जाणार नाही, एवढे मी त्यांना सांगितले होते आणि ते पाळले. लहान बाजारपेठेत एक माणूस दुखावला की बातमी संध्याकाळच्या चहाला सगळीकडे पोचते.

सुरुवातीचा खर्च असा झाला. विश्रामबागेत एका वकिलांच्या कार्यालयातील एक खोली दरमहा चार हजारांना, जुना लॅपटॉप बावीस हजारांना, टॅलीचा एका संगणकाचा परवाना अठरा हजार अधिक जीएसटी, आणि एक स्कॅनर. दहापेक्षा कमी कामगार असल्यास तेव्हा दुकाने व आस्थापना कायद्याखाली परवाना लागत नव्हता, फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागे. व्यवसाय कराची स्वतःची नोंदणी मात्र करावी लागते आणि वर्षाला अडीच हजार भरावे लागतात. सेवेची उलाढाल वीस लाखांच्या आत असेपर्यंत स्वतःला जीएसटी नोंदणी लागत नाही, यावर व्यापारी हमखास विनोद करतात. व्यापाऱ्याने पोर्टलवर पीसीटी-०५ मधून आपली निवड केली की अधिकृतपणे काम करता येते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी व्यापाऱ्याच्याच लॉगिनने आणि त्याच्या मोबाइलवरच्या ओटीपीने काम चालते, आणि विवरणाच्या मुदतीच्या दिवशी, विसाव्या तारखेला दुपारी व्यापारी जेवून आडवा झालेला असतो. म्हणून ओटीपीचा मोबाइल दुकानातल्या जाग्या माणसाकडे आहे का, हे मी पहिल्याच भेटीत विचारून घेते.

पहिले वर्ष सोपे गेले नाही. जानेवारी २०२१ पासून पाच कोटींपर्यंतच्या उलाढालीला तिमाही विवरणाची योजना मिळाली होती आणि ‘आता तीन महिन्यांनी एकदाच भरायचं, मग पैसे तिसरा हिस्सा घ्या’ असे मला अनेकांनी सुचवले. कर दरमहा भरायचाच असतो, गिऱ्हाइकाला क्रेडिट वेळेवर हवे तर बिलेही चढवावी लागतात आणि जुळवणी दरमहाच करावी लागते, हे कागदावर लिहून दाखवल्यावर काहीजणांना पटले, काही सोडून गेले. त्यात कोरोनाची दुसरी लाट, आणि जुलैत पुन्हा पूर. खर्च जाता हातात पंधरा हजार राहिले तरी बरे, असे पहिले पाच-सहा महिने होते. फी सांगताना जीभ अडखळे; शेवटी अण्णांनी त्यांचे स्वतःचे दरपत्रक समोर ठेवले आणि माझे दर कामाच्या मानाने निम्मे आहेत हे दाखवले. तेव्हापासून बिलांच्या संख्येवर दर ठरवते, तिमाही आगाऊ घेते आणि नव्या व्यापाऱ्याला कामाची यादी लेखी देते.

२०२२ पासून बाजू सावरली. त्या जानेवारीपासून २बीमध्ये, म्हणजे २एसारख्याच पण महिन्याला एकदा कायम होणाऱ्या तक्त्यात, दिसेल तेवढेच क्रेडिट मिळू लागल्याने जुळवणीशिवाय कोणाचे चालेना. बँकेतील कर्ज विभागाच्या एका अधिकाऱ्यांना कॅश क्रेडिटच्या, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाच्या नूतनीकरणासाठी विवरणपत्रे आणि स्टॉक स्टेटमेंट यांचे आकडे जुळलेले मिळाले, आणि त्यांनी पुढच्या प्रकरणात व्यापाऱ्याला माझ्याकडून कागद करून आणायला सांगितले. सीए माझ्याकडे लहान फायली पाठवतात. लेखापरीक्षणावर सही करण्याचा अधिकार मला नसल्याने मी ते काम त्यांच्याकडे पाठवते, आणि कोणी कोणाचे गिऱ्हाईक ओढत नाही. २०२३-२४ मध्ये खर्च जाता महिन्याची सरासरी पंचेचाळीस हजारांच्या घरात गेली. ज्या संस्था बिलातून दहा टक्के टीडीएस कापतात त्या रकमांची नोंद आयकर पोर्टलवर आपल्या नावे आली आहे का, हे वर्षअखेरीपूर्वीच पाहावे. स्वतःचे असे पैसे शोधण्यात हिशेबनीसच सर्वांत आळशी असतो.

अलीकडच्या वर्षांत कामाचे स्वरूप बदलले आहे. २०१७-१८ ते २०१९-२० या वर्षांच्या जीएसटी विभागाच्या नोटिसा आल्या आणि उत्तरे लिहिण्याची वेळ आली. कलम ११६ प्रमाणे जीएसटी प्रॅक्टिशनर अधिकाऱ्यासमोर व्यापाऱ्याच्या वतीने उभा राहू शकतो, पण सुनावणीत कसे बोलावे हे परीक्षेत येत नाही. पहिल्या काही सुनावण्यांना मी अण्णांबरोबर नुसती बसले. मुद्देवार उत्तर, प्रत्येक मुद्द्याला जोडपत्र, जोडपत्राला क्रमांक, आणि विचारले तेवढेच बोलणे, हे तेथे पाहून घेतले. व्याज आणि दंड माफीची कलम १२८अची योजना आली तेव्हा ३१ मार्च २०२५ पर्यंत कर भरून ती घेणे कोणत्या व्यापाऱ्याला फायद्याचे आणि कोणाला लढणे फायद्याचे, यावर अभ्यासवर्गात दोन संध्याकाळी वाद झाले. त्या वादांतून तयार झालेला तक्ता आता माझ्या आणि इतर बऱ्याच जणांच्या कार्यालयात वापरात आहे.

सध्या मदतीला एक बी.कॉम. झालेली मुलगी अर्धवेळ येते. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात मी नवे काम घेत नाही, कारण वार्षिक विवरणाची ३१ डिसेंबरची मुदत तेव्हा डोक्यावर असते. त्या काळात कोणी आले तर अभ्यासवर्गातील ज्यांच्याकडे जागा असेल त्यांचे नाव देते, आणि त्यांच्याकडून त्यांची आयकराची गर्दी सुरू होण्याच्या सुमारास जुळवणीच्या फायली माझ्याकडे येतात.